नादार

कोर्टनाक्याला, दुसऱ्या मजल्यावर,
कारकुनाने पुकारा केला, कारखानीस!
मग चष्म्यावरून बघत हळूच म्हणाला,
आडनावातच कारखाना की तुमच्या.
मी हसलो.
सहा वर्षांत त्या इमारतीत
पहिल्यांदाच.

वागळे इस्टेटात लेबलं छापायचो मी.
खोबरेल, फिनेल, जिरागोळी.
एका लोणच्याच्या बाटलीवर 'घरगुती' हा शब्द
मीच सुचवलेला, फुकटात.
चिकटलं की सुटत नाही, अशी आमची ख्याती.
ओढून काढलंच कुणी,
तरी डिंकाचा चौकोन मागे राहतो
आणि पुढे धूळच त्याला वाचत बसते.

बँकेचा हुकूमनामा झाला, त्यावर दरखास्त.
बेलिफ आला तो चपला बाहेर काढून.
बायकोने पाणी दिलं.
त्याने कपाट लिहिलं, टीव्ही लिहिला,
शिलाई मशीनपाशी थांबून विचारलं, चालतं का हे?
आणि आम्ही बोलायच्या आत
पान उलटलं.

मग वकीलबाई म्हणाल्या, नादारीचा अर्ज करू.
शब्द घरी आणला, रात्री उलटासुलटा करून पाहिला.
दुकानदार, गाळेदार, देणेदार, अगदी कर्जदारसुद्धा,
सगळ्यांकडे काही ना काही आहे.
रांगेच्या शेवटी एकटा मी,
नसणारा.

हुकूम झाला, तेव्हा दुपारचे साडेतीन.
अर्जदार देण्यांतून मुक्त.
त्या आठवड्यात जेवताना फोन वाजला नाही.
इतकी शांतता,
की बायको म्हणाली, बिल भरलंयस ना?

मिक्सर हप्त्याने घ्यायला राम मारुती रोडला गेलो.
पोराने नंबर टाकला, पडदा आपल्याकडे वळवला,
आवाज खाली आणला,
काका, रोख जमतंय का बघा.
कोर्टाने सोडलं होतं.
रिपोर्टात ओळ तशीच,
बुडीत, तारखेसकट.
मशीनवर धरून सांगतो, छपाई चांगली होती.

हे सगळं चालेल.
मिक्सर नाही तर पाटा आहे.

पण चेंदणी कोळीवाड्यातला मोरेश्वर नाखवा.
चहाचा कप खाली न ठेवता
डाव्या हाताने कागद दाबून सही केली होती त्याने.
हुकूमनाम्यात प्रतिवादी क्रमांक दोन.
नादार सुटतो, जामीनदार सुटत नाही,
वकीलबाईंनी दोनदा सांगितलं,
कारण पहिल्यांदा मी ऐकूनही
पेन शोधत राहिलो.
त्याच्या लेकीला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला,
कर्ज नाही मिळालं.
बापाच्या नावासमोर माझी रक्कम.

काल गेलो. हुकुमाची नक्कल खिशात,
कुणाला दाखवायला, देव जाणे.
ओट्यावर तो फ्रिजच्या दाराचं रबर बसवत होता.
वर न बघता म्हणाला, धर रे जरा इकडून.
धरलं.
खूप वेळ धरलं.
मुलीचं विचारलं, तर म्हणाला, पुढच्या वर्षी बघू,
आणि अंगठ्याने रबर दाबत राहिला.
माफ कर, हे दोन शब्द
मी येतानाच रिक्षात जुळवून ठेवले होते.
त्याची बायको आतून ओरडली, जेवून जायचं हां.

दार दोनदा लावून पाहिलं.
खालच्या कोपऱ्यातून
अजून गार हवा येत होती.