फर्मा

शब्द होता फॉर्मेटिव्ह.
व्हेरिटीनं तो मीठदाणीशेजारी ठेवला, कॉलेजच्या अर्जासकट:
‘आयुष्यातला एक फॉर्मेटिव्ह अनुभव. दोनशे शब्दांत.’
"म्हणजे काय गं?" विल्फ टेबट विचारतात,
वय एकोणऐंशी, त्यातली चाळीस वर्षं
नॉर्दॅम्प्टनच्या बुटांच्या कारखान्यात लाकडाचे पाय तासण्यात गेलेली.

ती कोश उघडते. आकार देणारा. घडवणारा.
"बहुतेक मागे वळून बघताना म्हणतात."
(हे कोशात नव्हतं. मी तिच्या खांद्यावरून वाचत होतो.)

"फॉर्मेटिव्ह चाकू म्हणतात का?"
"नाही आजोबा. वर्षांना म्हणतात. शाळेला. एखाद्या शिक्षिकेला."
"आणि छडीला?"
"छडीला नाही. छडी खाल्ली त्या दिवसांना."
"बरं आहे छडीचं,"
म्हातारा म्हणतो, आणि बिस्किट चहात बुडवून विसरतो.

मी वरच्या खोलीतला भाडेकरू, उगाच मध्ये पडतो.
सांगतो, आमच्या भाषेत घडणं एकच.
अपघात घडतो, दागिना घडतो, पोरगं घडतं,
क्रियापद विचारत नाही, यातलं तू कोणतं.
आणि तुमच्या या लाकडी पायाला आम्ही म्हणतो फर्मा.
कुणी सांगतं, तो गलबतातून उतरला,
तर तुझ्या अर्जातल्या शब्दाचा चुलतभाऊच म्हणायचा.
"फर्मा," विल्फ घोळवून बघतात. "ऐकायला लाकडाचाच वाटतो."

मग उठतात. डावा पाय ओढत परसातल्या शेडकडे.
आत दोरीला जोड्या लटकलेल्या,
प्रत्येकीच्या टाचेवर पेन्सिलीनं नाव.
कारखान्याचे फ्लॅट झाले तेव्हा बाकीचे विकले गेले,
लोक दाराला अडसर म्हणून लावतात.
हे त्यांनी गोणीत घालून आणले, रात्री, दोन खेपांत.

खालच्या फळीवरून काढतात एक एकटाच.
लहान. डावा. बीचचा.
अंगठ्यापाशी कातड्याची ठिगळं डकवलेली,
एकावर एक, कांद्याच्या पापुद्र्यासारखी.
"पोलिओ झाला तेव्हा मी सहा वर्षांचा.
बापानं हा तासला. दर वाढदिवसाला पाय मोजायचा
आणि एक ठिगळ वाढवायचा.
बोलायचा नाही. कधीच फारसा बोलला नाही."
व्हेरिटी मोजते. नऊ.
"दहावं?"
"दहाव्या वर्षी तो नव्हता."

आम्ही तिघं गप्प. शेडच्या पत्र्यावर कबुतर चालत होतं.
मग, शिकवायचंच म्हणून, ते एका जुन्या बुटातून
फर्मा उपसून दाखवतात. टाच दाबायची, झटका द्यायचा.
खोकल्यासारखा आवाज होतो, आणि बूट
रिकामा उभा राहतो, आत कुणी असल्यासारखा.
"बघ. घालणाऱ्याला हा कधी दिसत नाही.
आत राहिला तर पाय कुठे घालणार?"

व्हेरिटीनं अर्जात काय लिहिलं माहीत नाही.
बहुतेक वेल्सची सहल, पावसात हरवलेला तंबू,
आधी तेच लिहायचं ठरलं होतं.
दोनशे शब्दांत नऊ ठिगळं कशी मावणार, हेही खरं.

पण रात्री जिन्यात तिनं मला गाठलं:
"घडणं. दोन्ही अर्थांचं. परत म्हणा."
मी म्हटलं. तिनं म्हटलं. तिचा ‘घ’ फुटला,
‘ड’ तर ब्रिटिशच राहिला.
खालून विल्फनी विचारलं, काय चाललंय एवढ्या रात्री?
"काही नाही," ती ओरडली,
"इथं काही घडत नाहीये."