वायराची बाळोती

मंगळवारी आणि शुक्रवारी
माझा टँकर वरच्या वस्तीला चढतो.
घरटी दोन निळी पिंपं, दोनशे लिटरची.
नळी सोडतो, काटा बघतो, वहीत लिहितो.
अटाकामात कुणी पैसा पाण्यासारखा उधळत नाही,
इथे पाणीच पैशासारखं,
मोजून, झाकून, शेजाऱ्याला न दाखवता.

एप्रिलात लेक झाली. नाव वायरा.
सासूच्या केचुआ भाषेत, वारा.
तिसऱ्या दिवशी घरात दोन तट पडले.

यारित्सा म्हणाली, डायपर.
बाळोती धुवायला पाणी किती लागतं,
मला काय विचारतोस, तुझ्याच वहीत बघ.
मी बघितलं. वही मिटली.

एदुविखेस, माझी सासू, पठारावरून आली होती,
बसमध्ये अकरा तास, मांडीवर गाठोडं.
त्यात पिठाच्या जुन्या पोत्यांची चोवीस बाळोती,
कडा हातशिलाईच्या,
एकावर अजून गिरणीचा अर्धा कोंबडा.
ती काहीच म्हणाली नाही.
गाठोडं सोडलं, पाळण्याखाली ठेवलं
आणि बटाटे सोलायला बसली.
न बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

परतीच्या वाटेवर घळ लागते.
शहर आपलं नकोसं तिथे आणून ओततं.
टायर, गाद्या, एका पायाचे बूट,
आणि डायपर, घट्ट गुंडाळलेले, पांढरे,
पाच वर्षांपूर्वीचे कुठले, कालचे कुठले
सांगता येत नाही.
या मातीत काही सडत नाही.
कुत्रं मेलं तर कुत्रंच राहतं.
अरिकाच्या संग्रहालयात काचेखाली
एक तान्हं आहे, हजारो वर्षांचं.
शाळेची सहल होती, मला तेव्हा हसू आलं होतं,
का, ते आता आठवत नाही.

परवा घळीपाशी इंजिन बंद केलं.
दिवसाला सहा, अडीच वर्षं:
साडेपाच हजार.
साडेपाच हजार वेळा माझी लेक
इथे पडून राहणार,
मी गेल्यावर, तीसुद्धा गेल्यावर.

घरी येऊन हे सांगितलं.
यारित्सा म्हणाली, फार छान.
आणि पिळणार कोण?
तिने हात पुढे केले,
मासळीच्या कारखान्यातल्या बर्फाने फुटलेले.
तिच्या हातांपुढे माझी घळ टिकेना.
म्हणून पिळायला मी बसलो.

पहिलं पाणी विसळायचं, दुसरं साबणाचं,
तिसरं जरा बरं असतं, ते उद्याचं पहिलं.
दहा लिटरात आठ निघतात,
नाक बंद ठेवलं तर नऊ.
रात्रीला एक डायपर.
सोमवारी दिवसभर डायपर,
कारण सोमवारी पिंपाचा तळ दिसतो.
याला निवड म्हणायचं असेल तर म्हणा.

एक सांगून टाकतो.
फेरी संपल्यावर टँकरच्या पोटात जे उरतं,
नळीला न येणारं, गंजाच्या रंगाचं,
ते मी बादलीत उतरवून घरी आणतो.
वहीत त्याला रकाना नाही.

उन्हात वीस मिनिटांत
बाळोत्याचा पापड होतो.
सासू ते गुडघ्यावर चोळून मऊ करते,
जसं काही गुडघ्यावर कुणी बसलंय.

काल दोरीवरची काढायची राहिली.
पहाटे समुद्राकडून धुकं चढलं,
वस्ती गिळली, दोरी गिळली,
आणि उजाडलं तेव्हा सगळी बाळोती
पुन्हा ओली.
यारित्सा वैतागली, धुक्याच्या आईचा उद्धार केला.
त्यातल्या त्यात कोरडं, कोंबड्याचं, मी आत नेलं,
वायराला गुंडाळलं.
तिने तितक्यात भिजवलं,
माझ्या बाहीपासून कोपरापर्यंत,
अगदी मोकळ्या हाताने.

चुलीपाशी एदुविखेस मान वर न करता म्हणाली,
हे वहीत लिहिलंस का?