प्रेशर

मांजरसुंब्याच्या पंपावर रात्री दोनला
काटा एकशे दहावर येऊन बसतो.
लागतात दोनशे. "गॅसची गाडी निघालीय," मी सांगते.
कुठून, ते मलाही ठाऊक नसतं.

रांगेत रिक्षा पार वळणापर्यंत.
इलियासभाई हँडलवर डोकं टेकून.
परवा भाव दीड रुपयानं चढला तेव्हा म्हणाले,
"कुठल्या समुद्रात जहाज वळलं, पोरी,
अन् आमच्या टाकीला कसं कळलं?"
हसले. मग सुट्टे मोजले, दोनदा.

मागं डोंगरावर पवनचक्क्यांचे तांबडे दिवे
उघडमीट करतात, सगळे एकदम.
वारा इथलाच.
वीज कुठं जाते, कधी विचारलं नाही.

कोपऱ्यात चार्जरचा चौथरा झालाय.
सिमेंट ओलं असताना कुत्रं चालून गेलं,
त्याची चार पावलं तेवढी उमटलीत.
वायर यायचीय.

"शिकून घे, दीक्षा, पुढं तेच," मॅनेजर म्हणतात.
शिकीन की.
पण टाकी भरत येते तशी नळीतली शिट्टी
बारीक बारीक होत जाते,
काट्याकडं न बघता मी सांगते: झालं, काढा.

त्याला काही आवाज असतो का?