चेहरा सांग

क्लायपेडाच्या धक्क्यावरून पलीकडच्या वाळूपर्यंत
आमची तर जाते जेमतेम दहा मिनिटांत.
दिवसाला बावीस खेपा. मी तिकिटं बघते.
म्हणजे, बघायचे.
खरं तर तिकीट हातालाच कळायचं.
डोळे खाली, अंगठा वर वर सरकत,
कुणा परक्या बाईच्या ओट्यावर
फुगत चाललेला पाव.

गेनोवाइते त्या मंगळवारी माझ्याशेजारी बसली.
शाळेत सात वर्षं आम्ही एका बाकावर,
आणि आता हे लोखंडी बाक, ओलं.
ती काहीतरी म्हणाली. मी 'हं' म्हटलं.

शुक्रवारी तिला पुरलं.
तिचा भाऊ मला बाजूला घेऊन विचारत होता,
तिचा कोट सापडत नाहीये गं घरात,
तरीवर होता का अंगात?
मी म्हटलं, हो. होता.
होता की नव्हता, देव जाणे.
पाव मात्र आठवतो. वर तीळ होते.

बाजारातल्या व्लादासकडून बटणांचा फोन घेतला,
अकरा युरो, साबणाच्या वडीएवढा.
आईसाठी का? म्हणाला.
आई जाऊन नऊ वर्षं झाली. माझ्यासाठी.
तर हळूच विचारतो, काही निघालंय का तपासणीत?

आता एका अक्षराला चारदा बटण.
आमच्या अक्षरांच्या टोप्या नि शेपट्या त्याला येत नाहीत,
काना-मात्रा गाळून लिहावं तसं सगळं.
माझे निरोप आखडत गेले.
'येते.' 'मीठ आण.' 'बरं.'
बहीण रीमा फोन करून म्हणते, कशावरून चिडलीस?
बँकेच्या रांगेत पाऊण तास. तिथे मी सर्वांत तरुण.

आणि रिकामी दहा मिनिटं, बावीस वेळा.
कुणी म्हणेल, मग बघ की पाणी, बघ पक्षी.
बघितले. पाणी राखाडी आहे. पक्षी तेच.
अंगठा कोटाच्या खिशात
अस्तरावर सरकत राहायचा,
शिवण उसवली तिथली.

नोव्हेंबरात एका रात्री बटाट्याच्या सोलण्याखालून
जुना काढला, चार्जिंगला लावला.
फक्त पाच मिनिटं.
सूप करपल्याचा वास आला तेव्हा
अडीच वाजले होते.
पातेलं अजून घासतेय.

दोमांतास स्टावांगरला असतो. रविवारी त्याचा फोन.
ऊलाने पहिल्यांदा कान लावला नि ओरडली,
आजी, तुझा चेहरा कुठे गेला?
इथेच आहे.
मग सांग ना.
सांग म्हणजे? चेहरा कसा सांगायचा?
नाक लाल आहे, म्हटलं, वाऱ्याने.
डाव्या भुवईत एक पांढरा केस, तारेसारखा उभा.
कपाळावर टोपीचा वळ.
आणि?
आणि हनुवटीवर बीटाचं सूप.
ती खिदळली,
आणि तिच्या 'स' मधून हवा निसटताना ऐकू आली मला.
दात पडलाय.
मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता दर रविवारी, चेहरा सांग.
एकदा तरीवरच होते, चौदावी खेप,
तर म्हणते, तुझ्या बाकावर कोण बसलंय?
मी वळून बघितलं.
एक माणूस. मांडीवर खोका, धुरावलेल्या माशांचा.
कोट कसला?
हिरवा. कोपरावर ठिगळ. वरून तिसरं बटण नाही.
कुठे पडलं?
मला काय माहीत, बाळ.
विचार ना त्याला.

विचारलं.