जागच्या जागी

दार सताड उघडं. बाहेर कालव्यावर ऊन,
आणि व्हीबेचा पाय निघत नाही.
पाहुणे म्हणतात ना, पाय निघत नाही हो इथून,
तसं नव्हे.
खरंच निघत नाही.
अंग सगळं पुढे निघालेलं,
पाय मागे, दावं ताणून बसलेल्या शेळीसारखा.

मी त्याच्यासमोर माझं पाऊल आडवं ठेवते.
हे ओलांड, म्हणते.
ओलांडतो.
या युक्तीला डॉक्टरीणबाईंनी एक नाव सांगितलं होतं.
ते त्याच्या लक्षात आहे, मीच विसरले.

पण अंगणात सायकल आहे,
आणि दहा पावलं ज्याला जड, तो टांग मारून
समुद्राच्या बांधावरून असा सुटतो
की चित्स्के तिच्या खिडकीतून ओरडते,
सोंग करतोस होय रे, आजारपणाचं!
चेष्टाच ती. तरी पहिल्यांदा ऐकलं
त्या रात्री मला झोप नव्हती.

मंगळवारी आणि शुक्रवारी शाळेच्या जुन्या व्यायामशाळेत
आठ सायकली. आठही जागच्या जागी.
निन्के, वय असेल सव्वीस, मधे उभी राहून सांगते:
पाय थांबवायचे नाहीत. शंभरातून सात वजा.
त्र्याण्णव, शहाऐंशी,
पोस्टातली हिल्त्ये सुसाट,
गुरांचे डॉक्टर एकोणऐंशीवर घसरतात, हसतात, पुन्हा चढतात.
व्हीबे म्हणतो त्र्याण्णव.
मग म्हणतो त्र्याण्णव.
मग पायही थांबतात.
डोकं चालेना म्हणून पाय चालेनात,
की पाय चालेनात म्हणून डोकं,
कोण कोणाच्या गळ्यात पडलंय
ते मला बाकावरून दिसत नाही.

निन्के त्याच्याजवळ वाकते.
बरं, आकडे राहू देत. तुम्ही पुलावर होतात ना?

एकतीस वर्षं. पूल उचलायचा,
लाकडी बूट दोरीला बांधून
गळ टाकावा तसा बोटीवर सोडायचा,
खालून टोल पडला की वर ओढायचा.
उत्तरेकडून येणाऱ्या बोटी सांगा, ती म्हणते,
आणि पाय चालू द्या.

'तीन भाऊ', तो म्हणतो.
पेडल हलतं.
'धीर'. 'योहाना', हिरवी, दीड गिल्डर.
'दोघी बहिणी', तिचा नाखवा बहिरा होता.
'खारा वारा'. 'योहाना'. ती झाली का सांगून?
आणि एकदा एकाने बुटात नाण्याऐवजी बटण टाकलं,
कोटाचं, काळं, चार भोकांचं,
मी पूल खाली घेतलाच नाही, उगाच भांडण नको म्हणून.

चाळीस वर्षांच्या संसारात
हे बटण मी कधी ऐकलं नव्हतं.
त्या वेळचं की आत्ताचं,
विचारायला पुलाखाली आता कोणी नाही.

गेल्या शरदात चाचणीत बावीस गुण.
या शरदात बावीस.
म्हणजे काही फरकच नाही, मुलगी उट्रेख्तहून फोनवर.
मी डॉक्टरीणबाईंना तेच विचारलं.
त्या म्हणाल्या, एका माणसावरून सांगता येत नाही.
मग जरा थांबून म्हणाल्या, बावीस चांगले आहेत.

मुलीला कसं सांगू.
ती शहरात राहते, वारा विसरलीय.
नोव्हेंबरात बांधावर वारा तोंडावर आला
की सगळा जोर लावून तुम्ही तिथेच असता,
त्याच खांबापाशी, त्याच मेंढीसमोर,
आणि मेंढी तुमच्याकडे बघत रवंथ करत असते.
पाय सोडून बघ एकदा, मग कळेल.

आज सकाळी दार उघडं होतं.
मी चुलीपाशी, हात पिठाचे.
मागून त्याचा आवाज, हळू, स्वतःशीच:
'योहाना', दीड गिल्डर.
आणि उंबऱ्यापलीकडे बुटाचा आवाज.
मी वळून पाहिलं नाही,
पाहिलं असतं तर अडला असता.

दुपारी पुन्हा अडला, तिथेच.
बोटी आठवेनात.
मी हात पुसले,
पाऊल आडवं ठेवलं.