चौथा भाग

हिरवा बाण दाबला की गोष्ट सुरू व्हायची
आणि वीस एमबीचा पॅक
तुतारी चोरीला जायच्या आतच संपायचा.
"मला माहीत आहे, ती कुणी—"
एवढ्यावर बाई गप्प, आणि पडद्यावर ते चक्र
गरगरत.
पुन्हा पैसे भरायचे, पुन्हा पहिल्यापासून,
कारण मधूनच कसं सुरू करतात मला येत नव्हतं.
पहिला भाग मी तीनदा विकत घेतला
आणि तिन्ही वेळा अर्धाच.

लोकर निवडायच्या शेडमध्ये मापुलेंग हसली.
म्हणाली, ऐकतेस ते तुझ्याकडे राहत कुठे?
आधी उतरवून घे, मग ऐक, हवं तितक्यांदा.
आणि हे बघ, मागे काय काय चालू ठेवलंयस,
व्हिडिओ आपोआप वाजतात,
फोन स्वतःच स्वतःला सुधारत बसतो.
आंधळं दळतंय, बाई, नि कुत्रं पीठ खातंय.
तिच्या अंगठ्याने सहा बटणं विझवली.
तिच्या हाताला मेंढीच्या तेलाचा वास होता,
पडद्यावर ठसे राहिले.

वरच्या लॉजमध्ये पाहुण्यांसाठी वायफाय आहे.
स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपर्यंत येतं,
बदकांच्या डबक्यापर्यंत नाही.
मंगळवारी मी तिथे ब्लँकेट गुंडाळून उभी राहते.
एका भागाला चाळीस मिनिटं लागतात,
घोड्यावरून आलेले पर्यटक मला नमस्कार करतात,
त्यांना वाटतं मी कुणाची तरी वाट बघतेय.

तशी बघतेच.
त्लोहांग वेल्कमच्या खाणीत आहे.
तोही त्यांच्या वसतिगृहाच्या जिन्याखाली
तेच भाग उतरवून घेतो.
रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी
त्याचा मिस्ड कॉल येतो. एकच रिंग.
उचलायचा नाही. उचलला तर पैसे पडतात.
रिंग थांबली की दोघांनी बाण दाबायचा.

डोंगरापलीकडे, सीमेपलीकडे
तोच दरवाजा त्याच क्षणी करकरतो,
आणि दोन्हीकडे खर्च शून्य.
बोलायला लागलो तर दहा मिनिटांत
पैसे, शेळी, त्याची आई, भांडण.
त्यापेक्षा हे बरं.
तुतारीवाला पुलावरून पडतो तेव्हा
मी मोठ्याने हसते,
चुलीला ऐकू जाईल इतकं,
आणि मनात म्हणते, आता तोही.

नववा भाग अजून तसाच आहे.
गेल्या गुरुवारी रिंग आली नाही.
शुक्रवारी आली, पण दोन वेळा,
म्हणजे रात्रपाळी, म्हणजे आज नाही.
भाग फोनमध्ये पूर्ण आहे, नेटवर्क लागत नाही,
दाबला असता तर कुणाला कळलं असतं?
मी फोन पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला.

आज मंगळवार. उद्यापासून बर्फासाठी लॉज बंद.
उरलेले दोन भाग आजच घ्यायला हवेत
आणि फोन म्हणतो, जागा नाही.
ऐकून झालेलं काढून टाकू का, असं विचारतो,
जणू ऐकून झालं की झालं.

पहिला नाही, त्यावर माझे पंधरा मलोटी गेलेत.
सहाव्यात विजेचा कडकडाट आहे
आणि त्या रात्री खरंच वीज पडली होती, इथेही, तिथेही.
आठव्यानंतर त्याने लागोपाठ दुसरी रिंग दिली होती,
तिचा काहीच ठरलेला अर्थ नव्हता.
बहिणीच्या लग्नातले फोटो? मी एकातच आहे, पाठमोरी.

मग आठवलं.
चौथ्याला तो झोपला होता.
स्वतःच कबूल केलं नंतर, लाजत,
बाण दाबला आणि डोळा लागला, म्हणाला,
थेट भोंग्याला जाग आली.
म्हणजे ती अठ्ठावीस मिनिटं
मी एकटीच ऐकत होते,
आणि तीन वेळा हसले होते.

चौथा काढला.
दहावा उतरू लागला: दोन टक्के, तीन.
बदकं भिंतीपाशी आली,
मला ओलांडून, ऊब शोधत.