ढाळ

न्हाणीघराचा नकाशा मी अंगणात आखला,
कोळशानं, आठ बाय पाच,
आणि मधोमध उभी राहून हात पसरले.
ओलं लुगडं पिळताना
कोपर भिंतीला लागता कामा नये.
एवढंच माझं माप.

ह्यांचं माप मोबाईलात.
तीस वर्षं त्रिशूरला गलाई केलेला माणूस
गावी परतल्यावर चित्रं दाखवत हिंडतो:
काळी फरशी, काळी भिंत,
परातीएवढा शॉवर, सोनेरी नळ.
म्हटलं, काळ्यावरचा साबणाचा ओघळ
रोज पुसतंय कोण,
तेवढं दिसतंय का बघा त्यात.

इलाही मिस्त्री विट्याहून आला,
कानामागं पेन्सिल.
दोघांचं ऐकून घेतलं, चहा घेतला.
मग म्हणाला, वैनी,
देखणं ते डोळ्यांच्या उंचीला लावू,
पायाखाली खरबरीत.
पाय बघत नसतात. धरत असतात.

तर खाली राखाडी, खरबरीत.
वर पांढरी, आणि पांढरीच्या मधून
चार बोटं रुंद मोरपंखी पट्टी.
ती कशाला, म्हणून दुकानात कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तरी कारण नव्हतं.
आवडली.
सोनेरी नळ ह्यांनी हातात घेतला,
अंगठ्यानं घासला, उजेडाला धरला,
‘मुलामा’ म्हणून परत ठेवला.
साधा स्टीलचा बांधून घेतला.

आत्याबाईंच्या उजव्या गुडघ्यासाठी दांडा,
त्यांनीच बसून दाखवलेल्या उंचीवर.
कडाप्प्याचा कट्टा.
वजरी ठेवायला कोनाडा.
खिडकी उंच, उगवतीला.
आणि आतून कडी, पितळेची, वीतभर.
तिच्याबाबतीत मी कुणाचं ऐकलं नाही.
लग्न होऊन आले तेव्हा इथं एक दगड होता,
तीन बाजूंनी तुराट्या, चौथीला गोणपाट.
पाऊल वाजलं की खाकरायचं.
बावीस वर्षं मी खाकरत आंघोळ केली.
हे त्रिशूरला होते.

राहता राहिला ढाळ.
फुटाला पाव इंच, दारापासून जाळीकडं.
मिस्त्रीनं बादली उपडी केली.
पाणी जरासं थबकलं,
मग सगळंच्या सगळं गेलं.
हे जाळीपाशी उकिडवे बसले.
आणखी एक ओता, म्हणाले.
ओतली.
आणखी एक.
चैत्राचे दिवस, टाकी निम्म्यावर.
मी तोंड उघडणार, तोच
जाळीकडं बघत म्हणाले,

‘दुकानात हात धुतलेलं पाणी टाकायचं नसतं.
पिंपात धरायचं. आंघोळीचंसुद्धा.
केसात, नखात अडकलेली कणी
मालकाची असते.
केरही जाळून, गाळून बघायचा.
तीस वर्षं,
अंगावरून उतरलेलं पाणी
जातं कुठं, ते मला माहीत नव्हतं.
जातच नव्हतं ते.’

मिस्त्री पेन्सिल शोधू लागला.
कानामागंच होती.

चौथी बादली मी ओतली.

पण मी खानापूर तालुक्यात जन्मले.
पाणी असं सोडून देणं
हाताला जमत नाही.
भिंतीमागं, पाइपाचं तोंड निघतं तिथं,
आधीच आळं करून
केळीचा एक पासांबा लावलाय.
ह्यांना सांगितलेलं नाही.
पान खिडकीला लागेल तेव्हा कळेल.

पहिली आंघोळ माझी, असं ठरलं होतं.
सोमवारी पहाटे टॉवेल घेऊन आले,
तर आतून कडी.
हाक मारणार होते.
मग मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले.
आत तांब्या वाजत होता, सावकाश,
कुणाचीच घाई नसल्यासारखा.
थोड्या वेळानं
कोमट, फेसाळ
केळीपाशी आलं.